भाऊबिजेचं राहिलेलं तेल

ते २०२३ साल होतं. दिवाळीच्या तोंडावर ह्यांच्या खोकल्यातून रक्त आलं.

नवी नवरी म्हणून कुरुळीत आले, तेव्हा ह्यांच्या छातीवर डावीकडे हात ठेवला तर धडधडच लागेना. मी घाबरले. ह्यांनी हसून हात उजवीकडे नेला. पुढे घरात ती गमतीचीच गोष्ट होऊन बसली. पिंपरीच्या दवाखान्यात कळलं, की आतलं सगळंच आरशात दिसावं तसं उलटं आहे, आणि उजव्या फुफ्फुसात कॅन्सरची गाठ आहे.

डॉक्टर विजयश्रींनी आमच्या मुलाला, ज्ञानेशला, आणि ह्यांना समजावलं. बरगड्यांमधून लहान छिद्रं पाडून, दुर्बिणीनं बघत गाठीचा भाग काढायचा. फक्त ह्यांचं उजवं फुफ्फुस इतरांच्या डाव्यासारखं आहे, एवढं ध्यानात ठेवायचं. मग बाजू चुकू नये म्हणून त्यांनी ह्यांच्या उजव्या कुशीवर निळ्या शाईचा बाण काढला.

ऑपरेशनच्या सकाळी मी खाली औषधं आणायला गेले. परत येते तो ह्यांना नेलेलं, आणि वन्सं कुशाबाई रिकाम्या खाटेशी ओला पंचा पिळत बसलेल्या. भाऊबीज दवाखान्यात गेली होती. तेव्हाचं राहिलेलं तेल त्यांनी आज धाकट्या भावाच्या अंगाला लावलं होतं, वर कोमट पाण्यानं अंग पुसलं होतं. पंचा निळा झाला होता.

"वन्सं, हे काय पुसलंत?"

"शाई लागली हुती गं कुशीला. तसल्या अंगानं धाडू व्हय त्याला?"

मी तशीच धावले. ऑपरेशनच्या दाराशी नर्स ह्यांना विचारत होती, कुठल्या बाजूचं ऑपरेशन. ह्यांच्या डोक्यात डॉक्टरांचं ते 'इतरांच्या डाव्यासारखं' घोळत असावं.

"डावं," हे म्हणाले.

डॉक्टर मास्क बांधत बाहेर येत होत्या. मी त्यांच्या आडवी गेले.

"बाई, बाण पुसला गेलाय. ह्यांचं ऐकू नका. उजवं हाय, उजवं."

त्यांनी ह्यांची कूस उघडी करून बघितली, स्कॅन पुन्हा लावायला सांगितला. पडद्यावर बराच वेळ बघत राहिल्या. तेवढ्यात माझ्या डोळ्यांपुढे ह्यांचं चांगलं फुफ्फुस कापून झालंसुद्धा. मग त्यांनी नवा बाण काढला, उजवीकडे.

"पुसलेलं आम्हाला दिसलं असतं, आजी," त्या म्हणाल्या. "पण सांगितलंत ते बरं केलंत."

दार लागलं. बाहेर वन्सं पंचा मांडीवर घेऊन बसल्या. माझ्यामुळं काय झालं का, एवढंच त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. मी न्हाई म्हणत होते आणि दाराकडे बघत होते.

वन्सं २०२५ च्या उन्हाळ्यात गेल्या. त्याआधीच्या भाऊबिजेला त्यांनी भावाला तेल लावलं नाही, नुसतं ओवाळलं. डॉक्टर विजयश्री नागपूरला गेल्या. ज्ञानेशनं ह्यांच्याजवळ राहायला कामावरची रात्रीची शिफ्ट सोडली. हे आहेत. तपासणीला जातात, जिना चढताना धापा टाकतात. ते खोकले, की मी हातातलं काम टाकून त्यांच्या छातीवर उजवीकडे हात ठेवते, आणि धडधड लागेपर्यंत काढत नाही.