शेक

"विथ हीट, बेटर ऑर वर्स?" डॉक्टर लिआंगबाईंनी मला विचारलं आणि उत्तर दिलं माझ्या नवऱ्यानं.

"बेटर, डॉक्टर. आय डू इट एव्हरी मॉर्निंग."

हेमचंद्रचं हे असंच. बाईंनी माझी जीभ बघायला मागितली, तेव्हा यानंही तोंड उघडलं होतं.

क्लिनिक आमच्या बर्नाबीत, किंग्सवे रस्त्यावरच्या एका नूडलवाल्याच्या दुकानाच्या वर. हॉस्पिटलच्या गोळ्या चालूच होत्या, तरी रोज सकाळी बोटांचे सांधे लाल होऊन टम्म सुजायचे. म्हणून ही चिनी उपचारांची अपॉइंटमेंट यानंच घेतली. बाई माझ्या मनगटावर तीन बोटं ठेवून गप्प बसल्या, तेवढंही याला सहन होईना. रिटायर झाल्यापासून तर कहरच. मागचा लाकडी डेक घासतो, बेसमेंट आवरतो, जेवता जेवता उठून विंटर टायर्सची हवा बघून येतो. माझ्याजवळ म्हणून कधी बसायचा नाही.

बसायचा तो फक्त सकाळी. खडेमिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून आणायचा, माझा हात मांडीवर घ्यायचा आणि एकेक सांधा शेकायचा. "आईला यानंच बरं वाटायचं," म्हणायचा. मग बोलत सुटायचा. नागपूरचं घर, वडिलांचा मार, या देशातल्या पहिल्या नोकरीतली भीती. इतक्या वर्षांत मला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो "बरं वाटतंय ना?" विचारायचा आणि मी मान हलवायचे. बोटांची मात्र आग आग व्हायची, दिवसभर साधं बटण लावता यायचं नाही. मूर्खपणा, दुसरं काय.

"यू टेल मी," बाई मला म्हणाल्या. सांधे गारठ्यानं धरले असतील तर उष्ण उपचार, आणि सांध्यातच उष्णता असेल तर शेक अजिबात नको. त्यावरच पुढचं सगळं ठरणार होतं.

खोटं बोलले असते तर सकाळ माझी राहिली असती, पण बोटं हातची गेली असती.

"वर्स," मी म्हटलं.

बाईंनी सुया टोचल्या, काढा लिहून दिला, शेक बंद करायला सांगितला. काढ्याचा कागद हॉस्पिटलच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काढा सुरू करू नका, असंही बजावलं.

गाडीत बसल्यावर त्यानं विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"अगं, मग बोलायचं नाही का? मी रोज तुझी बोटं भाजत होतो, रश्मी."

"बोलले असते तर तू उठून गेला असतास." मला राग आला होता. त्याचा आणि माझाही.

सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलेना. मागच्यानं हॉर्न दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी किचनमधून तव्याचा आवाज आला नाही. गराजचं दार उघडल्याचं ऐकलं आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. झालं, संपलं, म्हटलं.

बऱ्याच वेळानं तो वर आला आणि दारातच थांबला.

"आता काय करू?"

"काही नको करूस. बस नुसता."

तो पलंगाच्या कडेला बसला. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना, शेवटी त्यानं ते स्वतःच्याच गुडघ्यांवर ठेवले. मग हळूच म्हणाला, "खूप दुखतंय का गं?"

हे त्यानं आजवर कधी विचारलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं.