घडीव पिस्टन

नॉरिस पग काठी टेकत शेडमध्ये आला, तेव्हा क्लाइव्ह ट्रँटरला उठून उभं राहायचंही सुधरलं नाही. मागोमाग नॉरिसची बायको बेरिल हातगाडीवर इंजिन घेऊन आली.

"तुझ्या मेहनतीचं मी पार मातेरं केलं बघ," नॉरिस म्हणाला. "पण उघडायचं तर तूच."

"बजावलं होतं त्यानं तुला, पहिले पाचशे मैल जपून चालव म्हणून," बेरिल फणकारली. "पण ऐकेल तर शपथ!"

क्लाइव्ह हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही. दहा महिने तो हेच करत आला होता.

गेल्या जूनमध्ये डडली गावाबाहेरच्या उतारावर नॉरिसची छप्पन सालची, क्लाइव्हने नुकतंच इंजिन नव्याने बांधून दिलेली मोटरसायकल धावता धावता जाम झाली. मागचं चाक जागच्या जागी अडकलं, नॉरिस कुंपणावर आदळला आणि मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. "चाळीसच्या वर नव्हतो," असं तो इस्पितळात शपथेवर सांगत होता. कुणाचाच विश्वास बसला नाही. "चाळीस? मग काय ढकलत नेत होतास?" असं मोटरसायकल क्लबात कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. क्लाइव्हही हसला.

खरं तर त्याच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती. जन्मभर त्याने ओतीव पिस्टन बसवले. नॉरिसच्या इंजिनात मात्र हौसेने, जास्त मजबूत म्हणून, घडीव घातले. घडीव पिस्टन तापला की जास्त फुगतो, म्हणून सिलिंडरमध्ये त्याच्याभोवती फट जास्त ठेवावी लागते. खोक्यातल्या कागदावर तसं छापलेलं होतं. चाळीस वर्षांचा हात म्हणून क्लाइव्हने कागद वाचलाच नाही. जुन्याच मापाने सिलिंडर कातून घेतले. कागद वाचला तो अपघातानंतर.

आता त्याने इंजिन उघडून सिलिंडरचा ठोकळा वर उचलला. दोन्ही पिस्टनवर चारी अंगांनी घासल्याचे चट्टे होते, फट कमी पडली की उठतात तसे. तेल कमी पडलं असेल, दुसरंच काही निघेल, ही त्याची आशा तिथेच संपली.

"बघ, काय करून ठेवलं मी," नॉरिस वाकून म्हणाला. "आता कुठले टाकायचे?"

"ओतीव."

"का रे? मागच्या वेळी तर म्हणालास, घडीवसारखे दुसरे नाहीत."

'तुझ्यासारख्याला ओतीवच बरे' असं थट्टेवारी नेता आलं असतं. शब्द जिभेवर आलेही होते. क्लाइव्हने पिस्टन बाकावर ठेवला.

"नॉरिस, तू जपूनच चालवत होतास. फट कमी ठेवली मी. कागद न वाचता. हे मला जूनपासून माहीत आहे."

नॉरिस हळूच म्हणाला, "जूनपासून? इस्पितळात रोज यायचास तू. द्राक्षं घेऊन."

"हो."

बेरिल क्लाइव्हकडे वळलीच नाही. तिने नवऱ्याचा हात धरला. "चुकलं रे माझं. काय काय बोलले मी तुला." तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर क्लाइव्हला सोसल्या असत्या, हे सोसवेना.

"क्लबात सांगायचं," नॉरिस म्हणाला. "सगळ्यांसमोर."

गुरुवारी क्लाइव्हने उभं राहून सांगितलं. लोक ग्लासात बघत राहिले.

इंजिन नॉरिसने क्लाइव्हकडेच ठेवलं, पण सिलिंडर पुन्हा कातून आले त्या दिवशी तो शेडमध्ये स्टुलावर येऊन बसला. "नव्या खोक्यातला कागद वाच," तो म्हणाला. "मोठ्याने." क्लाइव्हने वाचला. मग प्रत्येक माप तीनदा घेतलं आणि तिन्ही वेळा नॉरिसने स्वतः डोळा लावून पाहिलं. ओतीव पिस्टन बसले. त्या दिवसभरात त्यांच्यात मापांखेरीज बोलणं झालं नाही.

ऑगस्टमध्ये गाडी सुरू झाली. किक क्लाइव्हनेच मारली. नॉरिसला ते आता जमणार नव्हतं. त्याने काठी बेरिलकडे दिली, दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून सीटवरून पलीकडे टाकला. क्लाइव्ह मदतीला पुढे झाला, तशी नॉरिसने मान हलवली.

"नको. जमतं मला," तो म्हणाला आणि गल्लीतून सावकाश निघून गेला.