आई बसली की गाडी बंद

आमच्या गाडीला माझ्या आईचं वावडं होतं. नवरा बसला की चालायची, मी बसले की चालायची, शेजारचे काका त्यांच्या लाळ गाळणाऱ्या कुत्र्यासकट बसले तरी कुरकुर न करता चालायची. आई पुढच्या सीटवर बसली, की जरा वेळाने डॅशबोर्डवरचे असतील नसतील तेवढे दिवे लागायचे, वायपर कोरड्या काचेवर एकदा करकरत फिरायचे आणि इंजिन मुकं. आई उतरली, की स्वारी पुन्हा शहाण्यासारखी सुरू.

पहिल्यांदा आम्ही हसलो. दुसऱ्यांदा हे भर चौकात झालं, मागे हॉर्नचा गोंगाट, आणि आई खाली उतरून बिचारी सगळ्यांना हात जोडत होती. तिसऱ्यांदा माझ्या तपासणीला दवाखान्यात निघालो होतो. गाडी गल्लीच्या तोंडाशीच बसली. आई मुकाट्याने उतरली आणि म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी येते चालत."

"आई, तुम्हाला बघून हिला धडकीच भरते," नवरा म्हणाला. स्वभावाने तो गरीब गाय आहे, पण त्याला विनोद कुठे करावा ते कळत नाही. सगळे हसले. आई सगळ्यात मोठ्याने हसली. तिचं ते हसणं मी लहानपणापासून ओळखते. दुसऱ्याने हसायच्या आत आपणच हसून घ्यायचं, म्हणजे कमी लागतं, असा तिचा हिशेब.

त्याचं कारण जुनं आहे. आई लग्न होऊन आमच्या घरात आली आणि आठवड्याच्या आत आजोबांचं कापडाचं दुकान जळालं. आजीने तिच्यावर 'पांढऱ्या पायाची' असा शिक्का मारला, तो मारलाच. मग काय, दूध नासलं तरी आई, आत्याचं लग्न मोडलं तरी आई, काकांची बदली झाली तरी आईच. पुढेपुढे आजीला बोलावंही लागेना. घरात काही चांगलं व्हायचं असलं की आई आपणहून मागे, भिंतीशी जाऊन उभी राहायची. आजी गेली, बाबाही गेले, घर बदललं, पण आईची ती भिंत काही सुटली नाही.

माझ्या बाळंतपणासाठी म्हणून ती आमच्याकडे राहायला आली होती, पण त्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर तिने बॅग भरायला घेतली. "बाळंतपणाच्या आधी परत जाते मी. तुझ्या सासूबाई येतीलच ना? एकदा तू नि बाळ सुखरूप घरी आलात की येईन. लांबून बघेन."

"लांबून?"

"मला नको गं भलतं धाडस. गाडीसारखी गाडी बंद पडते."

मला असा संताप आला की पोटातलंही दचकलं असावं. हे माझं पहिलंच बाळंतपण. मी वरून कितीही तोंडाळ असले तरी आतून घाबरलेली होते. मला सासूबाई नको होत्या, मला आई हवी होती, बस्स.

"उद्या मी गाडी दुरुस्त करते. तोवर बॅग उचललीस तर बघ."

मी लिफ्ट दुरुस्त करते. पोट पुढे आल्यापासून रजेवर होते, एवढंच. लिफ्टवाल्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: 'मीच चढले की अडकते' असं सांगणाऱ्या बाईवर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि बहुतेक वेळा ती खरं बोलत असते. आमची गाडी दोनदा गॅरेजमध्ये जाऊन आली होती. तिथला मेकॅनिक सहा फुटी, ताडमाड माणूस. तो सगळ्या सीटवर बसून बघायचा, मग गाडीला कॉम्प्युटर जोडायचा आणि मान हलवायचा. "ताई, मधे कधीतरी गाडीतलं आतलं बोलणं तुटलं होतं, असं दाखवतंय. पण आत्ता तर सगळं झकास आहे. बंद पडेल तेव्हा घेऊन या." बंद पडल्यावर आणायची कशी, खांद्यावर टाकून?

नवरा म्हणाला, "कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते कधीकधी. सोड." मी म्हटलं, एकदा झालं तर कावळा. दरवेळी तोच कावळा आणि तीच फांदी असेल, तर फांदी तपासायला नको?

सकाळी तो कामावर गेला आणि मी बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये गाडीची चारही दारं उघडून बसले. आईने माझ्यासाठी स्टूल आणलं, पाण्याची बाटली आणली आणि स्वतः खांबामागे जाऊन उभी राहिली.

"इकडे ये ना."

"मी इथूनच बघते. तुझं चालू दे."

माझा पहिला संशय वजनावर होता. पुढच्या सीटच्या आत वजन ओळखणारी एक डबी असते. सीटवर माणूस आहे की नुसती पिशवी, हे ती गाडीला कळवते. मी म्हटलं, आईएवढं वजन ठेवून बघू. घरातले पिण्याच्या पाण्याचे कॅन आईनेच एकेक करून खाली आणले, मी ते सीटवर रचले, वर पट्टाही लावला. गाडी सुरू केली. पार्किंगमध्ये पुढेमागे केली, कॅनना दणके दिले, दार आपटलं. दिवा म्हणून लागला नाही.

खांबामागून आवाज आला, "पाहिलंस? पाण्याचं काही नाही तिला."

"आई, गप्प बस जरा!"

करायला गेले एक आणि झालं भलतंच. गाडी आईमुळेच बंद पडते हे मी तिच्याच डोळ्यांसमोर सिद्ध करून दाखवलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॅन उतरवताना ती हळूच म्हणाली, "जाऊ दे ना. दुपारची एसटी मिळेल मला."

स्टूलवर बसून मी डोकं ताळ्यावर आणलं. आताच्या गाड्यांत प्रत्येक कामाची वेगळी डबी असते. इंजिनाची एक, ब्रेकची एक, वायपरची एक, त्या सीटचीही एक. या सगळ्या डब्या एकमेकींशी बोलतात त्या दोनच बारीक वायरींवरून, पीळ घातलेल्या. त्यातली एक वायर कुठेही गाडीच्या पत्र्याला टेकली, की सगळ्यांची एकदम दातखीळ बसते. इंजिन धडधाकट असतं, पण त्याला कुणी काही सांगतच नाही. म्हणजे आई बसली की कुठेतरी वायर टेकत होती, आणि पाणी बसलं की टेकत नव्हती.

मी बॅटरीची तार सोडली. स्टिअरिंगखाली जिथे गॅरेजवाले कॉम्प्युटर जोडतात, त्या सॉकेटमध्ये माझ्या लिफ्टच्या कामातल्या मीटरची एक पिन धरली, दुसरी पिन उघड्या लोखंडी बोल्टला लावली आणि मीटर आवाजावर ठेवला. वायर पत्र्याला टेकली तर तो किंचाळणार. मीटर शांत होता. आता फक्त आई बसायची राहिली होती.

"नको गं, ठमे." लहानपणापासून मी हट्टाला पेटले की मी ठमी.

"बॅटरी काढलीय. गाडी मेलेली आहे. मेलेल्याचं तू आणखी काय वाकडं करणार?"

यावर मात्र ती खरंखुरं हसली. आली, जपून बसली. मीटर शांतच. मी डोळ्यात तेल घालून आकड्यांकडे बघत होते. आणि एकाएकी, टींऽऽऽ!

"मी काही नाही केलं!" आई ओरडली.

"काय केलंस आत्ता?"

"काही नाही. नीट बसले."

"नीट म्हणजे कशी?"

"अगं, माझे पाय टेकत नाहीत खाली. सीट जरा पुढे घेतली."

"दरवेळी घेतेस?"

"मग काय लोंबकळत जाऊ दवाखान्यापर्यंत?"

"आणि उतरताना?"

"मागे ढकलते. गुडघे वळायला जागा नको?"

मी मीटर मांडीवर ठेवला. इतके दिवस गाडी बंद पडली की मी डॅशबोर्डकडे बघत होते, नवरा बॉनेटखाली बघत होता, लोक आमच्याकडे बघत होते. आई बसते कशी नि उतरते कशी, हे कुणी बघितलंच नव्हतं. त्या सहा फुटी मेकॅनिकला सीट पुढे ओढायची गरज जन्मात पडणार नव्हती. आणि पाण्याच्या कॅनला पाय टेकायची काय हौस?

"पुढे घे," मी म्हटलं. टींऽऽऽ. "मागे." शांत. "पुढे." टींऽऽऽ. आता आईलाच चेव आला. मी नको म्हणेपर्यंत ती सीट पुढेमागे करत राहिली आणि मीटरने पार्किंग डोक्यावर घेतलं.

सीटखाली बघायचं तर माझं पोट आडवं येत होतं. वाकले की श्वास कोंडायचा. मग आई दाराशी पाटावर बसली आणि तिने हात आत घातला.

"पिवळ्या नळीतल्या वायरीला हात लावायचा नाही. ती एअरबॅगची."

"बरं."

"दोन बारीक वायरी असतील, एकमेकींना पीळ घातलेल्या. सापडतात?"

"वेणीसारख्या?"

"हं, तशाच."

माझ्या वेण्या घालताना ती कधीच केसांकडे बघायची नाही, बोटांनीच घालायची. आताही ती समोरच्या भिंतीकडे बघत होती आणि हात आत चाचपत होता. "सापडल्या. पण कशानं तरी ओढून धरल्यात. थांब हं. हूक आहे. सीटकव्हरच्या इलॅस्टिकचा हूक." मग वायरीवरून बोट फिरवत म्हणाली, "एक वायर खरखरीत लागतेय. हिचं वरचं साल गेलंय."

मी आरसा आणि टॉर्च धरून बघितलं. कव्हर बसवणाऱ्याने हूक सीटच्या सांगाड्यात अडकवायचा, तो घाईघाईत वायरींच्या जुडग्यात अडकवला होता. सीट पुढे गेली की वायर ताणली जायची आणि सीट ज्यावर सरकते त्या रुळाच्या धारदार कडेवर घासायची. घासून घासून आतलं तांबं उघडं पडलं होतं. आईने हूक काढला, वायर दारापर्यंत ओढून आणली, मी ती पुसून कापडी टेपने नीट गुंडाळली आणि कडेपासून लांब बांधली. एवढुसं काम.

बॅटरी जोडली. आई बसली, तिने सीट पार पुढे घेतली. मी बटण दाबलं. गाडी सुरू झाली आणि सुरूच राहिली. गेटपर्यंत नेली, वळवली, परत आणली.

"बघ! चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो आपण," मी म्हटलं.

मला वाटलं ती हसेल. ती मांडीवर हात ठेवून समोर बघत बसली होती.

"दुकानात दारामागे एक लाकडी बोर्ड होता," ती म्हणाली. "मेन स्विचचा. तो गुणगुणायचा."

मी इंजिन बंद केलं. "कुठल्या दुकानात?"

"आपल्या. जळालं त्या. मी नवीन होते, डबा द्यायला जायचे, तेव्हा ऐकलं होतं. एकदा हात लावून बघितला तर गरम. घरी येऊन सासूबाईंना म्हटलंसुद्धा, तो बोर्ड गुणगुणतोय, कुणाला तरी दाखवा. त्या म्हणाल्या, तुला काय कळतंय त्यातलं."

"हे तू कधी बोलली नाहीस."

"कुणी विचारलं नाही." मग ती माझ्याकडे वळली. "ठमे, गुणगुणतो म्हणजे काय होत असतं गं?"

मीटर लावल्याशिवाय मी कुठल्याही बिघाडाबद्दल हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. तो बोर्ड तर माझ्या जन्माआधीच राख झालेला. पण हिने कानाने ऐकलेलं होतं, हाताने तपासलेलं होतं, आणि हिचे हात काय असतात ते मी आत्ताच पाहिलं होतं.

"आत जोड सैल झालेला असतो," मी म्हटलं. "तो तापत राहतो आणि एक दिवस पेटतो."

"मी त्या घरात आलेच नसते तर?"

"तरी पेटला असता. तू आलीस म्हणून दुकान वाचायची निदान एक संधी होती. त्या घरात तेवढं तुला एकटीलाच कळलं होतं, आई."

मला वाटलं, आता ती रडणार. तिने डॅशबोर्डवर फाडकन हात मारला.

"म्हातारीला ठाऊक होतं! मी सांगितलं होतं तिला! तिला ठाऊक होतं, आणि तरी तिनं मला..."

मी आईला असं चिडलेलं जन्मात पाहिलं नव्हतं. ती पुन्हा एकदा हात आपटून मग रडली, मोठ्याने, आवाज दाबून न धरता. मीही रडले. मिठी मारायला माझं पोट आणि मधला गिअर दोन्ही आड येत होते, म्हणून मी तिचा हात घट्ट धरून ठेवला. वरून शेजारचे काका "काय झालं हो?" म्हणून ओरडत राहिले.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले, नाक पुसलं.

"दवाखान्यात सांगून ठेव," ती म्हणाली. "बाळ झालं की आधी माझ्या हातात द्यायचं. बाकी सगळे नंतर."