थर्माकोलचं काशगर

नातीच्या लग्नाला म्हणून दुपारी मॅरेज गार्डनच्या फाटकातून आत शिरलो आणि समोर मकबरा पाहिला.

मकबऱ्यासारखं काहीतरी नव्हे. तोच. हिरव्या चकाकत्या फरशांचा ऐसपैस घुमट, चार कोपऱ्यांना चार जाडजूड मनोरे, आणि मध्येच एखादी पिवळी-निळी फरशी, जणू कारागिराकडचा हिरवा माल संपला होता. हा मकबरा मी पाहिलेला आहे. तो चीनच्या पार पश्चिम टोकाला, काशगरला आहे. त्यात खोजा नावाच्या घराण्याच्या पाच पिढ्या झोपल्या आहेत. कोविडच्या आदल्या वर्षी मी आणि माझी बायको शामला पुण्याच्या एका टूरबरोबर तिथे गेलो होतो. शामलाचे गुडघे दुखत होते म्हणून ती बाहेर झाडाच्या सावलीत अंजिरं खात बसली. आत मी एकटाच गेलो. म्हणजे उभ्या ग्वाल्हेरात साक्षीदार मी एकटा.

आता तो झाशी रोडवर उभा होता आणि त्याच्या कमानीवर लिहिलं होतं : ‘अंतरा वेड्स हेमेंद्र’.

डेकोरेटर बंटी कुशवाह कमानीला झेंडू लावून घेत होता.

“बंटी, हे काय आहे?”

“सेंट्रल एशियन पॅलेस, अंकल! दीदी ने खुद ऑफिस आकर पसंद किया. पिछले सीज़न में मैंने ही नेट से फोटो निकाली, मुरैना से कारीगर बुलाए. पूरा थर्माकोल है, पर लगता नहीं ना?”

“नाही वाटत,” मी म्हणालो. “आत काय केलंयस?”

“लाउंज.”

आत गेलो. पांढऱ्या भिंती, उंच चौथरा आणि चौथऱ्यावर ओळीनं उंचवटे. मोठे, मध्यम, लहान. प्रत्येकावर रंगीत चादर. बंटीनं आपल्या पदरचा एकेक लोड वर ठेवला होता.

“रॉयल लोग ऐसे ही लेटते थे, अंकल.”

“अजून लेटलेलेच आहेत, बेटा.”

बंटी पोट धरून हसला. “अंकल का ह्यूमर!”

काशगरला त्या दालनात शिरल्यावर माझा आवाज आपोआप उतरला होता. बाप, बायका, मुली, सुना, सगळे एका छताखाली. आणि कडेला एक अगदी लहान कबर होती, हातभर लांब, तिच्या मापाचीच चादर शिवलेली. मी तिच्यापाशी बराच वेळ उभा होतो. कारण विचारू नका. एवढीशी चादर पाहिली की माणूस उभा राहतो.

मुरैनाच्या कारागिरांनी तीही सोडली नव्हती. बंटीनं तिचं पाय ठेवायचं स्टूल केलं होतं.

मी तडक नवरीच्या खोलीत गेलो. अंतराच्या डोळ्यांत काजळ भरणं चालू होतं.

“अंतरा, तो राजवाडा नाही. कबर आहे. आख्ख्या खानदानाची.”

ती एवढी हसली की मेकअपवाली तिच्यावर ओरडली. मी फोन काढून काशगरचा फोटो दाखवला.

“अय्या आजोबा, तुम्ही एआय शिकलात? शिखा, देख ना, आजोबा ने क्या बनाया है! सो क्यूट!”

तिची मैत्रीण शिखाही हसली. माझा मुलगा राघव दारातूनच म्हणाला, “बाबा, आज तरी नको. आज माझ्या मुलीचं लग्न आहे.” शामलानं तर वर पाहिलंही नाही. “जन्मभर ऐकतेय,” एवढंच ती गजऱ्याला म्हणाली.

न हसणारा माणूस गावात एकच होता : हेमेंद्रचे आजोबा, महिपतराव. सरदारांचं मराठा घराणं, स्वतः फौजेतून निवृत्त, आणि हसायची परवानगी वरून यायची असल्यासारखा चेहरा. आमच्या ब्राह्मणाघरची मुलगी करायला ते वर्षभर तयार नव्हते. शेवटी हो म्हणाले ते एका अटीवर. रीतीला धक्का लागता कामा नये. त्यांच्या नातवाच्या डोक्यावर अक्षता मकबऱ्याच्या दारात पडणार हे त्यांच्या कानी गेलं असतं, तर वरात होती तशी लष्कर भागातल्या त्यांच्या घरी परतली असती आणि अंतरा हार घेऊन उभी राहिली असती. थोडक्यात, ज्याला माझं खरं वाटलं असतं त्यालाच सांगायची सोय नव्हती. मी गप्प बसायचं ठरवलं. मला ते फारसं जमत नाही, पण वरात येईपर्यंत जमलं.

वरात आली, बँड थांबला, गोरज मुहूर्ताला अजून वेळ होता. महिपतराव जरा टेकायला लाउंजमध्ये गेले. मागोमाग मी गेलो, तर ते सर्वांत मोठ्या उंचवट्यावर लोडाला टेकून बसलेले, आणि मोजडीसकट दोन्ही पाय त्या हातभर चादरीवर.



“महिपतराव, पाय काढा.”

शेजारच्या उंचवट्यावर त्यांच्या धाकट्या बहीण लीलाताई पापडी-चाट खात होत्या. त्यांचा चमचा अर्ध्या वाटेत थांबला. महिपतरावांना असं आजवर कुणी म्हटलं नसावं.

“काय म्हणालात, मधुसूदनपंत?”

मग मी सगळं सांगून टाकलं. काशगर, खोजा, पाच पिढ्या, ती चादर. सांगून झाल्यावर कुणीतरी हसेल म्हणून थांबलो. कुणी हसलं नाही. दारात फोटो काढायला आलेले अंतरा आणि हेमेंद्र उभे होते, त्यांच्यामागे राघव. राघवचा चेहरा त्या भिंतींसारखा पांढरा.

“लहान मुलाची?” महिपतरावांनी विचारलं.

“हो.”

“नाव?”

“ठाऊक नाही.”

त्यांनी पाय काढले. मोजड्या उतरवून बाजूला ठेवल्या. उभे राहिले.

“लीला, ऊठ.”

“अरे दादा, माझी पापडी...”

“ऊठ.”

आता लग्न मोडतंय, मला वाटलं. सावरायला म्हणून मी म्हणालो, “तसं पाहिलं तर हे थर्माकोल आहे. इथे कोणीच नाही.”

“आमच्या पणजोबांच्या समाधीच्या छत्रीत तरी कोण आहे? संगमरवराची मूर्ती आहे,” महिपतराव म्हणाले. “तरी पणजोबांना रोज सकाळी धोतर नेसवतो, चहा देतो. थंडीत शाल घालतो. कालच त्यांना सांगून आलो, उद्या सून येते म्हणून.”

ग्वाल्हेरात जन्म गेला. राजघराण्याच्या छत्र्यांमधला हा रिवाज मला ठाऊक होता. पण आमचे व्याही रोज सकाळी पणजोबांना चहा देतात, आणि ते मला आज, या क्षणी कळावं?

“आजोबा,” अंतरा माझ्या कानाशी कुजबुजली, “सच में?”

“सच में.”

तिनं हेमेंद्रचा हात धरला.

“सूनबाई,” महिपतराव म्हणाले, “आमच्यात नवी सून आधी थोरल्यांना नमस्कार करते, मग हार घालते. आमचे थोरले तिकडे छत्रीत आहेत. हे इथे आहेत. करा.”

दोघं वाकली. अंतराच्या मुंडावळ्या चौथऱ्याला टेकल्या. राघव भिंतीला टेकणार होता, पण भिंत थर्माकोलची आहे हे त्याला वेळेवर आठवलं.

महिपतराव त्या लहान चादरीकडे पाहत राहिले.

“डेकोरेटर! दूध आहे?”

“बादाम-केसर है, सर.”

“आण.”

बंटी कुल्हड घेऊन धावत आला. महिपतरावांनी तो स्वतःच्या हातानं चादरीच्या उशाशी ठेवला. तोवर बंटीच्या डोक्यात प्रकाश पडला असावा, कारण त्याला घाम फुटला.

“अंकल, मतलब ये सच में... मैं तो इसमें तीन शादियाँ करवा चुका हूँ!”

“कशी चालली आहेत?”

त्यानं विचार केला. “अच्छी चल रही हैं.”

लाउंज रिकामं झालं. पाहुण्यांना हिरवळीवर सतरंज्या मिळाल्या आणि लीलाताईंना नवी पापडी. दोन्हींबद्दल तक्रारी झाल्या. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा महिपतराव अनवाणीच उभे होते.

“ती खरंच कबर होती?” शामलानं हळूच विचारलं.

“हो.”

“मग मला तेव्हा आत का नाही नेलंत?”

“तू अंजिरं खात होतीस.”

शामलानं थोडा विचार केला. “अंजिरं चांगली होती,” ती म्हणाली आणि मूठभर अक्षता टाकल्या. त्यांतल्या निम्म्या मकबऱ्यावर पडल्या.