बिल्लेवाल्या ताई बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा

"यांना मागे बसवलं तर चालेल ना? अगदी शांत असतात हो." बिल्लेवाल्या ताईंनी विचारलं, आणि आमच्या म्होरक्याचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही! ताईंचा हात धरून एक म्हातारे गृहस्थ उभे होते. इस्त्रीचा शर्ट, गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं, केस ओले करून चापून बसवलेले. ताईंचे सासरे.

थांबा, तुम्ही म्हणाल कोण ताई आणि कोण म्होरक्या. सांगते. आमचा तो सॉफ्टवेअरवाल्यांचा मेळावा असतो ना, दर महिन्याला एका रविवारी, कुठल्यातरी कंपनीच्या रिकाम्या हॉलमध्ये? कुणी काही नवीन बनवलं की पुढे येऊन दाखवायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, शंका काढायच्या, मग चहा-बिस्किटं. सगळी पोरंच पोरं. बायका म्हणजे मी, माझी रूममेट आणि ताई. त्यातही ताई आत कुठे? त्या बाहेरच्या टेबलावर. येणाऱ्याचं नाव बिल्ल्यावर लिहायचं, दोरी ओवायची, हातात द्यायचा. निम्म्या पोरांना वाटायचं, त्या इमारतीच्याच कर्मचारी आहेत. एकानं तर त्यांना एसी वाढवायला सांगितला. आणि ताईंनी मुकाट्यानं रिमोट शोधून वाढवला!

आणि ताई कोण, तर एके काळी मोठ्या कंपनीत प्रोग्रॅम लिहिणाऱ्या. मग सासूबाईंनी अंथरूण धरलं. त्या गेल्या, तोवर सासऱ्यांना काही आठवेनासं झालं. नोकरी सुटली ती सुटलीच. पण हात काही स्वस्थ बसेनात बाईंचे. भाजी चिरून झाली की लॅपटॉप, सासरे झोपले की लॅपटॉप.

मेळाव्यात बोलू का, म्हणून किती वेळा विचारलं त्यांनी. म्होरक्या म्हणजे आमचा आयोजक, त्याचं उत्तर पाठ झालेलं: "पुढच्या वेळी नक्की, ताई!" आणि या वेळी कसं जमलं माहितीये? पोस्टर तयार झालं आणि कुणाच्या तरी लक्षात आलं, वक्त्यांमध्ये एकही बाई नाही. "बरं दिसत नाही रे," म्होरक्या म्हणाला, "ताईंना घाला." घाला! आमटीत मीठ राहिलं, घाला! माझं डोकंच फिरलं. तर ताई मलाच समजावतायत, "निमित्त काही का असेना गं, उभं राहायला मिळतंय ना?"

कारण त्या दिवशी पहिल्या रांगेत एक टायवाले साहेब येणार होते, आपल्या कंपनीसाठी माणसं हेरायला. ताईंनी त्यांच्याकडे अर्ज केला होता. ते म्हणाले होते, "मध्ये फार मोठा खंड पडलाय हो तुमच्या कामात. पण रविवारी ऐकतो तुम्हाला, मग बघू." मेळाव्याआधी ताई बाथरूमच्या आरशासमोर केसांना पिन लावत मला म्हणाल्या, "आज जमलं तर नोकरी. नाही जमलं तर हे म्हणतायत, पुरे आता तुझे रविवार." आणि बघा, त्याच 'हे'ना नेमकं त्या सकाळी काम निघालं. मग सासऱ्यांना ठेवणार कुठे? आणलं बरोबर.

"मी बसतो ना आजोबांजवळ!" म्होरक्या म्हणाला. "तुम्ही बिनधास्त बोला ताई."

ताई उभ्या राहिल्या आणि काय सांगू तुम्हाला! आधी जरा अडखळल्या, पण मग गाडी अशी सुटली...

"मी सासऱ्यांना दवाखान्यात नेते," त्या म्हणाल्या. "तिथं सांगतात, तुमचा नंबर मोबाइलवर बघा. माझा मोबाइल जुना. आम्ही बसतो तळघरात, तिथं नेट रांगत येतं. पान उघडतच नाही. का? तर तुम्ही लोकांनी आधी डॉक्टरांचे हसरे फोटो पाठवलेले असतात. माझा नंबर बिचारा शेवटी!"

हॉल खदखदून हसला. 'तुम्ही लोकांनी' म्हणजे आम्हीच की! टायवाल्या साहेबांनी हातातला फोन मांडीवर पालथा ठेवला. मी पाहिलं ना, मी शेजारच्याच खुर्चीत होते.

ताईंनी केलं काय होतं, तर पानाचे तुकडे करून पाठवणारा एक छोटासा प्रोग्रॅम. माणसाला जे हवंय ते आधी, सजावट मागाहून. ऐकायला इतकं सोपं वाटतं ना? करायला बसा, नाकी नऊ येतात.

आणि मध्येच मागून खणखणीत आवाज. "सूनबाई! घरी कधी जायचं?"

पोरं फिसकन हसली. ताई तिथूनच म्हणाल्या, "झालंच बाबा, थोडंच राहिलंय," आणि पुढचं वाक्य जिथं सोडलं होतं तिथूनच उचललं. जरा वेळानं परत. "सूनबाई, गॅस बंद केलास का?" "केला बाबा." या वेळी फारसं कुणी हसलं नाही.

मग आला खरा खेळ. करून दाखवायचा. मोठ्या पडद्यावर शेजारी शेजारी दोन मोबाइल. "डावीकडे नेहमीचं पान, उजवीकडे माझं," ताई म्हणाल्या. "नेट दोन्हीकडे तळघराचं." आणि बटण दाबलं.

आणि नेमका तेव्हाच म्होरक्याला चहावाल्याचा फोन आला. तो उठून बाहेर सटकला आणि त्याच्या मागोमाग आजोबा! बाहेर लगेच जिना आहे हो! ताईंनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. धावल्या त्या.

इकडे पडद्यावर डावीकडे पांढरं पान, नुसतं चक्र फिरतंय गरगर. आणि उजवीकडे टपकन नंबर आला. ठळक. मग डॉक्टरांचं नाव. मग वेळ. डावीकडे अजून चक्रच! इतकं सुरेख चाललं, की मागच्या एकानं टाळी वाजवली. वाजवली आणि तोच ओशाळला. पुढे कुणी नव्हतंच ना.

तेवढ्यात हॉलच्या स्पीकरमधून धापा ऐकू आल्या. ताईंच्या कॉलरचा माइक चालूच होता!

"बाबा, थांबा! तिथंच थांबा. हं, कठडा धरा."

"कोण तुम्ही?"

"मी तुमची सून, बाबा."

"छे हो. आमची सूनबाई मोठ्या कंपनीत असते. दिवसा घरी सापडायची नाही ती. तुम्ही काय करता?"

माइकवाला पोरगा बटणाकडे बघतोय, पण हातच उचलेना त्याचा.

"मी काही नाही करत," ताई म्हणाल्या. "घरीच असते."

"मग तिला निरोप द्याल? म्हणावं, माझी काळजी करू नकोस. तुझं काम कर."

"देते हं."

तेव्हा कुठे त्या पोरानं माइक बंद केला. कुणी कुणाकडे बघेना. टायवाल्या साहेबांनी फोन उचलून खिशात घातला. "हुशार आहेत बाई," ते पलीकडच्या खुर्चीतल्याला म्हणाले, "पण घरी हे असं असताना? नाही जमायचं." आणि उठून चहाकडे गेले.

ताई परत आल्या तोवर पुढचा वक्ता आपली वायर जोडत होता. त्यांचा हात कॉलरला गेला. "अय्या, हा लावलेलाच राहिला की! बंद होता ना रे?"

"हो ताई," माइकवाला म्हणाला, "बंदच होता."

मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, "चाललं का गं शेवटी?"

"चाललं ताई. पहिल्याच फटक्यात."

"वाटलंच होतं मला." त्यांनी लॅपटॉप मिटला. पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग चहाच्या टेबलाकडे. साहेब पाठमोरे उभे होते, बिस्कीट बुडवत. ताईंनी आजोबांचा हात धरला.

निघाली दोघं. मी खालपर्यंत गेले सोबत. इमारतीचं ते काचेचं दार भलतंच जड. तर आजोबा पुढे झाले, दोन्ही हातांनी ते ओढून धरलं, आणि परक्या बाईपुढे वाकावं तसं जरासं वाकून म्हणाले, "या बाई, आधी तुम्ही."

"थँक्यू हं," ताई म्हणाल्या, आणि बाहेर पडल्या.