मुका स्क्रू

टीव्हीवरच्या नायिकेला सासरच्यांनी खोलीत कोंडलं, तेव्हा सुताराने हातातला घास तसाच ठेवून तिच्या भावाला ओरडून सांगितलं होतं, "अरे बघत काय बसलास? घाल ना लाथ!" पुढच्या भागात त्या भावाने खरंच लाथ घातली, दार मोडलं आणि सुताराच्या बायकोने डोळे पुसले. असल्या दारावर लाथ घातली तर पाय मोडतो, दार नाही, एवढी दुरुस्ती सुताराने केलीच. पण मनातून तो खूश होता. दुसऱ्याच्या घरातलं काय करायचं ते आपल्याला कसं चटकन सुचतं, नाही?

त्याच आठवड्यात एका दुपारी त्याचा मेहुणा, म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा, वर्कशॉपमध्ये आला. रुमालाने स्टूल पुसून बसला. बोलणं नेहमीसारखंच, मधात बोट बुडवलेलं.

"दादा, एक बारीकसं काम होतं." त्याने पिशवीतून जाडजूड नवी कडी काढली, कुलूप लावता येईल अशी. "झोपायच्या खोलीला लावायची. बाहेरून."

"बाहेरून?"

"ती झोपेत चालते हो. परवा पार जिन्यापर्यंत गेली. काही बरंवाईट झालं तर तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगू?"

सुतार कडी हातात घेऊन उलटसुलट करत राहिला. बहिणीला घरात सगळे खार म्हणायचे. लहानपणी दिवसभर लाकडांच्या थप्पीवर उड्या मारायची आणि संध्याकाळी पडली की उशाशी ढोल बडवला तरी कूस बदलायची नाही. झोपेत चालणं सोडाच. आणि मागच्या भेटीत उकाड्यातही तिने बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या होत्या. "काय गं?" म्हटलं तर म्हणाली, "काही नाही रे." सुताराने ते "काही नाही" लगेच खरं मानलं होतं. सोयीचं होतं म्हणून.

आता मात्र घोडं पेंड खात होतं. नाही म्हणावं, तर मेहुणा दुसरा सुतार आणणार, तो ही कडी घट्ट ठोकून जाणार, आणि आपल्याला त्या घराचं दार कायमचं बंद. बहिणीला सरळ घेऊन यावं, तर ती येते म्हणाली पाहिजे. आणि हो म्हणावं, तर बापाच्या हत्यारांनी आपणच तिला कोंडायचं.  तरी तोंडातून निघालं ते, "उद्या येतो, भाऊजी."

रात्रभर तळमळला आणि सकाळी त्याला मधला रस्ता सापडला. त्यांच्या वडिलांचा एक शब्द होता, मुका स्क्रू. डोक्याखाली कापलेला, वरून अगदी खऱ्यासारखा दिसणारा, पण लाकडाला न धरणारा. कपाटाच्या खोट्या खणांवर नुसत्या शोभेला लावायचा. "जिथे माणूस भरवसा ठेवणार, तिथे मुका लावायचा नाही," एवढं म्हातारा भावंडांना घोकून सांगायचा. आपलं काम हलत नाही, हा त्या घराचा तोरा होता. सुताराने कडीसोबत आलेले लांब स्क्रू शर्टाच्या खिशात टाकले, तसलेच दुसरे घेतले, करवतीने डोक्याखाली कापले आणि मेणाची डबी पिशवीत ठेवली.

मेहुण्याच्या घरी बहिणीने पाणी आणून दिलं, पण मान वर केली नाही. मेहुणा बॅटरी धरून शेजारीच उभा राहिला. एवढा उजेड होता, बॅटरीची काही गरज नव्हती.

"चालेल ना गं तुला?" सुताराने विचारलं. नवऱ्यासमोर विचारलं, हाही एक शहाणपणाच.

"तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली.

हे "तुम्ही" कोणाला, ते त्याला कळलं नाही. भावाला तिने जन्मात कधी "तुम्ही" म्हटलं नव्हतं.

त्याने दारावर कडी पक्की बसवली. चौकटीतला कोयंडा मात्र मेण भरून मुक्या स्क्रूंवर ठेवला. मेहुण्याने कुलूप घालून दार आपल्याकडे ओढून पाहिलं. दार आत उघडणारं, बाहेरून कितीही ओढलं तरी कोयंड्यावर ताण येत नव्हता. आतून एक हिसका दिला की संपलं. हे तिला सांगायला हवं होतं. पण मेहुणा त्याला खालच्या रस्त्यापर्यंत सोडायला आला, हात खांद्यावर ठेवून. जाऊ दे, सुताराने मनाशी म्हटलं, पहिल्याच हिसक्याला कळेल तिला. सुताराची पोर आहे.

पहिले एकदोन दिवस तो स्वतःवरच खूश होता. कोणाशी वाईटपणा नाही आणि बहीण मोकळी. आज येईल, उद्या येईल म्हणून तो गेटकडे बघायचा. फोन केला की मेहुणाच उचलायचा. "झोपलीये." सकाळी झोपलीये, दुपारी झोपलीये. संध्याकाळी टीव्हीवर त्या भावाने बहिणीला घरी आणून तिच्या सासरच्यांना चार शब्द सुनावले. बायको म्हणाली, "भाऊ असावा तर असा." सुतार उठून मोरीत गेला आणि उगाचच हात धुत बसला.

शेवटी राहवेना. तो गेला.

मेहुण्याने हसतमुखाने दार उघडलं. "या, या. ती पडलीये जरा. हाक नका मारू. दूध संपलंय, कोपऱ्यावरून घेऊन येतो, मग चहा घेऊ. तुम्ही काय, घरचेच."

घरचेच. तो शब्द सुताराला चिकटला. मेहुण्याची पावलं जिन्यावर वाजत खाली गेली तसा तो खोलीकडे धावला. कडीला कुलूप होतं. कोयंडा त्याने ठेवला तसाच, मेणाला चीरसुद्धा नाही.

"खारे," त्याने हलकेच हाक मारली.

आतून आवाज आला. "दादा?"

"अगं, दार ओढलं नाहीस?"

"नाही."

"एकदासुद्धा?"

"तू लावलेली कडी, दादा. ती थोडीच निघणार आहे. आणि मला वाटलं, तू लावलीस म्हणजे तुला पटलं असेल. मला खरंच काहीतरी झालंय. तू उगीच नाही लावणार."

सुताराने दाराला खांदा दिला. जोरही लागला नाही. कोयंडा सुटून कुलपाला लोंबकळला आणि अर्धवट स्क्रू फरशीवर सांडले. बहीण दारात आली. खूप वाळली होती, ओठाचा कोपरा निळा पडला होता. तिने वाकून एक स्क्रू उचलला, बोटांत फिरवला, कापलेली बाजू अंगठ्याने चाचपली.

"मुका," ती म्हणाली.

"तुला सुटता यावं म्हणून. मला वाटलं..."

"म्हणजे तुला माहीत होतं." ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. "कडी कशासाठी आहे, ते तुला तेव्हाच माहीत होतं."

 सुताराला लाज वाटली, इतकी की तिच्याकडे बघवेना. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.  बहीण झटकन आत गेली, पलंगावर आपल्या जागी बसली.

"परत लाव, दादा. लवकर. तो यायच्या आत."

दार तिनेच आतून लोटून घेतलं. सुताराचा हात सवयीने शर्टाच्या खिशात गेला. लांब स्क्रू तिथेच होते, त्या दिवसापासून काढायचे राहिलेले.

मेहुणा दुधाची पिशवी घेऊन आत आला. आधी लोंबकळता कोयंडा पाहिला, मग फरशी, मग सुताराचा चेहरा. हसू तसंच होतं. "काय झालं दादा? सैल झाली वाटतं."

हो म्हणणं किती सोपं होतं. सैल झाली होती, बघतो, आत्ता घट्ट करून देतो. पुन्हा एक मधला रस्ता, जवळचाच. दाराआड बहीण ऐकत होती.

"सैल झाली नाही," सुतार म्हणाला.  "मीच सैल लावली होती. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. आता घेऊन चाललोय तिला."

मेहुण्याने दुधाची पिशवी टेबलावर नीट ठेवली. मग तो मागे वळला, बाहेरच्या दाराला आतून किल्ली फिरवली आणि ती खिशात टाकली.

"हे कुलूप तुम्ही लावलेलं नाही," तो शांतपणे म्हणाला. "हे घट्ट आहे. बसा."

सुतार बसला नाही. मागे खोलीचं दार उघडलं. खार बाहेर आली आणि भावाच्या शेजारी उभी राहिली.