जिवंत माणसाच्या कबरीचा दगड

मी कबरीचा दगड बोलतोय. दचकू नका, आणि लगेच चेहराही पाडू नका. माझं निम्मं आयुष्य तर लोकांचे चहाचे कप अंगावर घेण्यात गेलंय.

माझा जन्म खाणीतला. सुरुंगाच्या एका दणक्यात मी डोंगरापासून सुटलो. माझ्या भावंडांपैकी कुणाच्या पायऱ्या झाल्या, कुणी पुलाखाली गेलं, कुणी नुसतीच खडी झालं. माझ्या नशिबी पाथरवट आला. तोंडाने फटकळ, पण छिन्नी धरली की हात एकदम हळवा. त्याच्या शेडमध्ये मी भिंतीला टेकून उभा असायचो. गिऱ्हाइकं यायची ती रडून रडून डोळे सुजलेली. सगळी इतकी कुजबुजत बोलायची, की जणू आमची झोप मोडली असती.

एके सकाळी मात्र एक गृहस्थ चक्क शीळ घालत आत आले. एक चष्मा डोळ्यांवर, एक डोक्यावर. कॉलेजात जन्मभर फारसी शिकवून निवृत्त झालेले सर.

"कोण गेलं?" पाथरवटाने सवयीने आवाज खाली आणला.

"अजून कुणी नाही. माझ्यासाठीच हवाय. आणि त्यावर ही ओळ कोरा. माझीच आहे."

ओळ अशी होती : "रडणाऱ्यांनी बाहेर थांबावं. आज आत लग्न आहे."

पाथरवट एकदा ओळीकडे बघे, एकदा सरांकडे. "कबरीवर लग्न? सर, तब्येत बरी आहे ना?"

झालं! सरांना प्रश्न विचारणं म्हणजे आ बैल मुझे मार. ते समोरच्या ओबडधोबड ठोकळ्यावर बसले आणि पाथरवट एकटा असूनही भरल्या वर्गाला शिकवावं तसं शिकवू लागले. फारसीतल्या जुन्या सूफी कवींच्या लेखी देव म्हणजे प्रियकर आणि जीव त्याच्यापासून तुटलेला. मग मरण म्हणजे काय? ती ताटातूट संपण्याचा दिवस! थेंब समुद्रात पडला तर तो मेला म्हणायचं, की समुद्र झाला म्हणायचं? "आणि खरं मरण तर त्याच्याही आधी यायला हवं," सर बोट उगारून म्हणाले. "आपल्या आतला 'मी' मेला पाहिजे. तो एकदा मेला, की दुसऱ्या मरणाला मारायला उरतं काय?"

"आमच्या धंद्यात 'मी'च्या आधी कंबर मरते," पाथरवट म्हणाला आणि त्याने कोरायला घेतलं.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मी घाव सोसले, पण देवपण राहिलं बाजूला, मी सरांच्या अंगणात दोन विटांवर आडवा पडून टेबल झालो. अंगावर सरांचं नाव, जन्माचं साल, ती ओळ आणि शेवटच्या सालासाठी ठेवलेली कोरी जागा. सरांचे मित्र यायचे, त्या कोऱ्या जागेवर नेमके कप ठेवायचे आणि मरणावर हिरिरीने वाद घालायचे. मला तर मजा वाटायची.

मजा वाटत नव्हती ती एकाच माणसाला. सरांच्या लेकीला.

ती त्याच घराच्या पुढच्या खोलीत लग्नाचे कपडे शिवायची. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. मला टेम्पोतून उतरवलं तेव्हा तिने ओळ वाचली आणि ओठांतल्या टाचण्या काढून हातात घेतल्या.

"आई गेली तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात, बाबा. रडू नकोस, आज आईचं लग्न आहे. मी शाळेत होते तेव्हा. मला आई हवी होती हो, लग्न नको होतं!"

"अगं, त्यामागचा अर्थ..."

"अर्थ तुमच्यापाशी ठेवा. आईसाठी मी अजून रडलेले नाही. तेवढं राहूनच गेलं."

त्या दिवसापासून तिने अंगणात पाऊल टाकलं नाही. बापाला वेळेवर जेवण, वेळेवर औषध, पण शब्द नाही. फारसीचा एवढा मोठा पंडित, पण घरातल्या घरात त्याच्याशी बोलायला कुणी नाही अशी गत. सर वरवर हसायचे. एकटे असले की मात्र माझ्यावर हात ठेवून पुढच्या खोलीतल्या शिलाई मशीनची खडखड ऐकत बसायचे. मला त्या दोघांचंही वाईट वाटायचं.

मग सरांच्या हृदयाने कुरकुर सुरू केली. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. मित्रांना सर म्हणाले, "वरातीची तयारी करा!" आणि सगळे खो खो हसले.

निघायच्या सकाळी टॅक्सी फाटकाशी आली, तर सर माझ्यावर येऊन बसलेले. उठेचनात. बघणाऱ्याला ते निवांत दिसले असते, पण मला खालून सगळं कळत होतं. थरथर कापत होते ते.

लेक शोधत शोधत अंगणात आली. कितीतरी दिवसांनी.

"बाबा, टॅक्सी खोळंबलीय."

"मी नाही येत."

"का?"

"भीती वाटते गं."

आता ही काय बोलते, म्हणून मी श्वास रोखला. दगडाला जमेल तेवढा. जन्मभराचा हिशेब चुकता करायची आयती संधी होती तिला. ती आधी माझ्यावरच्या ओळीकडे बघत राहिली, मग बापाकडे, आणि तिला हसूच फुटलं.

"अहो नवरदेव, असं रुसून चालतं का?"

"थट्टा नको करूस. चाळीस वर्षं शिकवलं, आणि आज त्यातली एक ओळ कामाला येत नाहीये."

ती त्यांच्याशेजारी बसली. त्यांचे हात तिने हातात घेतले आणि चोळायला लागली.

"गार पडलेत. बाबा, मी इतक्या नवऱ्या सजवल्यात, पण ऐन वेळी हात गरम असलेली एक नाही पाहिली. हुक लावताना थरथरतात, घळाघळा रडतात. एक तर माझ्या कपाटाच्या मागे जाऊन लपली होती. म्हणून काय त्यांना लग्न नको होतं? तुमच्या कवींनी मरणाला लग्न म्हटलं ना, मग त्यात हे रडणंही आलंच. त्यांना ते ठाऊक असणार. तुम्ही शिकवताना तेवढंच गाळलंत."

 सरांचा चेहरा लहान मुलासारखा वाकडा झाला, आणि ते रडले. भीतीने रडले, बायकोच्या आठवणीने रडले. लेकही रडली, शाळेतल्या मुलीचं राहून गेलेलं सगळं रडली. टॅक्सीवाल्याने एकदा हॉर्न वाजवला, फाटकातून डोकावला आणि मुकाट्याने गाडी बंद करून उभा राहिला. माझ्यावर इतकं पाणी खाणीतही कधी पडलं नव्हतं, पण खरं सांगतो, त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

ऑपरेशन झालं. सर ठणठणीत परत आले आणि त्यांनी आधी पाथरवटाला बोलावलं.

"कोरलेलं खोडता येत नाही, सर," तो म्हणाला.

"खोडू नका. खाली भर घाला." जन्मभर पेपर तपासलेला माणूस तो! त्यांनी सांगितलं : "दुरुस्ती : रडत आलात तरी आत या."

"कबरीवर दुरुस्ती पहिल्यांदाच कोरतोय," पाथरवट पुटपुटला, पण ती अक्षरं त्याने वरच्यापेक्षा मोठी काढली.

पुढे सर बरीच वर्षं जगले. अंगणात लेक आणि ते भांडायचे, चहा प्यायचे, कधी एखादी नवी नवरी बाहीचं माप द्यायला यायची ती सरांकडून दोन ओळी ऐकूनच जायची. एका दुपारी डुलकी घेता घेता सर गेले. त्यांचा हात लेकीच्या हातात होता.

आता मी कब्रस्तानात उभा आहे. कोरी जागा भरली आहे. सरांना मूठमाती दिली त्या दिवशी लेक मनमोकळं, मोठमोठ्याने रडली, आणि तिला कुणीही थांब म्हटलं नाही. अजूनही दिवसाचं शिवणकाम आटोपलं की ती येते आणि आजच्या नवरीने काय गोंधळ घातला ते सरांना सांगते.

तुम्हीही कधी इकडून गेलात तर थांबा, वाचा. हसू आलं तर हसा. परवा एक अनोळखी बाई अशीच थांबली होती. ओळ वाचून हसली, दुरुस्ती वाचून तिचे डोळे भरले. तिने लेकीला विचारलं, "कोण होते हो हे?"

"माझे बाबा," लेक डोळे पुसत म्हणाली. "घाबरट होते, पण गेले मोठ्या थाटात."